न विचारलेला शिबी

करंगळीच्या नखाएवढा एक पांढुरका, ओलसर पापुद्रा प्लास्टिकच्या छोट्या वाटीत ठेवलेला असतो. वाटीचा तळ चाळणीसारखा सच्छिद्र असतो. खालून त्याला पोषक द्रव मिळतो आणि वरून हवा लागते. वरून हवा लागली की त्यातल्या पेशींना आपण शरीराच्या पृष्ठभागावर आहोत असं ‘वाटतं’ आणि त्या एकावर एक थर रचू लागतात. साधारण दोनेक आठवड्यांत सगळ्यात वरचा थर मरतो, कडक होतो आणि आपल्या अंगावर असतो तसा कोरडा थर तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा छेद पाहिला तर ती त्वचाच आहे असं कुणीही म्हणेल. पण तिच्यात मज्जातंतू नाहीत, रक्त नाही, केस नाहीत, घामाच्या ग्रंथीही नाहीत. ती कुणाच्याही अंगावर नाही. तिला टोचलं तर कुणालाच दुखत नाही.

अशा प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेत मेलॅनोमाच्या पेशी पेरतात आणि तिच्यावर नवी औषधं तपासतात. मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा कर्करोग. त्वचेच्या कर्करोगांमध्ये त्याचं प्रमाण कमी, पण जीव घेण्याच्या बाबतीत तो बाकीच्यांच्या फार पुढे. त्याच्यासाठी औषध शोधायचं आणि कुणालाही न दुखवता शोधायचं, याहून निर्मळ काम दुसरं कुठलं असेल असं पहिल्यांदा वाटतं. मलाही वाटतं. तरी एक प्रश्न बरेच दिवस डोक्यातून जात नाही: दुखणारं कुणी नाही, एवढ्यावर नैतिक प्रश्न संपतो का?

तो संपतो असं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे, म्हणून आधी तीच मांडतो. १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. सशाच्या अंगावरचे केस भादरायचे, त्या जागी रसायन लावायचं आणि कातडी किती लाल होते, किती सुजते याला गुण द्यायचे. डोळ्यांसाठीही तशीच चाचणी होती. पुढची कित्येक दशकं सौंदर्यप्रसाधनांपासून घरगुती साबणापर्यंत असंख्य पदार्थ या चाचणीतून गेले. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या हेन्री स्पिरा नावाच्या शाळामास्तरानं वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्लॉन कंपनीला जाब विचारला आणि त्या गदारोळातून कंपनीनं पर्यायी पद्धतींच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. त्याआधी १९५९ सालीच रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगांसाठी तीन सूत्रं सांगून ठेवली होती: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांचा त्रास कमी करा.

बशीतली त्वचा हे त्यातल्या पहिल्या सूत्राचं उत्तर आहे. १९७५ मध्ये जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी शरीराबाहेर पुन्हापुन्हा वाढवता येतात हे दाखवून दिलं. १९८०च्या दशकात जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या कातडीनं वाचवलं. मग चाचण्यांसाठी अशी त्वचा तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या, फ्रान्सच्या लिओं शहरात, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये. रसायनामुळे त्वचेची आग होईल का, हे आता या पापुद्र्यावर तपासता येतं. त्यावर रसायन लावायचं, धुऊन टाकायचं, मग एक पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा रंग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला की रसायन त्रासदायक ठरतं. सशाच्या जागी रंगाचं मोजमाप आलं. २०१३ मध्ये युरोपीय संघानं प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्री पूर्ण बंद केली. २०१४ मध्ये भारतानं अशा चाचण्या आणि अशा मालाची आयात या दोन्हींवर बंदी घातली. औषधांच्या बाबतीतही, २०२२च्या शेवटी अमेरिकेनं आणि २०२३ मध्ये भारतानं पेशी व ऊतींवर आधारलेल्या चाचण्यांना प्राण्यांवरच्या चाचण्यांचा पर्याय म्हणून कायद्यात जागा दिली.

प्राण्यांविषयी विचार करताना त्यांना बुद्धी आहे का, हे विचारू नका, त्यांना वेदना होतात का, हे विचारा, असं जेरेमी बेंथम अठराव्या शतकाच्या अखेरीस सांगून गेला. त्या कसोटीवर बशीतली त्वचा शंभर टक्के उत्तीर्ण होते.

मेलॅनोमाच्या बाबतीत तर ती नुसती सुटका करत नाही, जास्त खरं सांगते. पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, कर्करोगाच्या पेशी प्लास्टिकच्या सपाट तळावर वाढवतात आणि त्यांच्यावर औषध ओततात. तिथे पेशी एकट्या, उघड्यावर आणि औषधात बुडालेल्या असतात. अशा ठिकाणी पेशी मारणं सोपं. माणसाच्या अंगात मात्र मेलॅनोमा शेजाऱ्यांसह राहतो. वर केरॅटिनोसाइट, खाली कोलॅजेनच्या जाळ्यातले फायब्रोब्लास्ट. हे शेजारी त्याला कधी रोखतात, कधी आसरा देतात. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मीनहार्ड हर्लिन यांच्या गटानं अशा पुनर्रचित त्वचेत वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या मेलॅनोमाच्या पेशी घातल्या. सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशी वरच्या थरात राहिल्या, पुढच्या टप्प्यातल्या खालच्या थरात घुसल्या. रुग्णाच्या अंगात जे घडतं त्याची नक्कल वाटीत दिसली. डॉक्टर मेलॅनोमाची गाठ त्वचेत किती खोल गेली हे मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण रुग्णाचं भवितव्य बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. सपाट तळावर खोली नावाची गोष्टच नसते.

दुसरं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. २००२ मध्ये कळलं की मेलॅनोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये बीरॅफ नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. त्या बदलावर नेमका वार करणारं वेमुराफेनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गाठी आश्चर्यकारक वेगानं विरघळल्या. पण बऱ्याच रुग्णांच्या त्वचेवर त्याच औषधामुळे दुसऱ्याच जातीच्या गाठी उगवल्या. त्या मेलॅनोमाच्या नव्हत्या, शेजारच्या केरॅटिनोसाइटच्या होत्या. जे औषध एका पेशीला थोपवत होतं, तेच दुसरीला चिथावत होतं. नुसत्या मेलॅनोमाच्या पेशी घेऊन बसलेल्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं. शेजार पाहायचा तर शेजारी हवेत, म्हणजे त्वचा हवी.

इथवर सगळं छान आहे. माझ्या मनात मात्र या सगळ्यासोबत शिबी राजाची गोष्ट येते. ससाण्याच्या तावडीतून निसटलेलं कबूतर शिबीच्या मांडीवर येऊन पडतं. ससाणा म्हणतो, ते माझं अन्न आहे, तू ते वाचवलंस तर मी उपाशी मरेन. शिबी म्हणतो, कबुतराच्या भारंभार माझं मांस घे. तराजू आणतात. तो मांडीचं मांस कापून पारड्यात टाकतो, पण कबुतराचं पारडं जडच राहतं. आणखी कापतो, तरी पुरत नाही. शेवटी तो स्वतःच पारड्यात बसतो.

प्राण्याच्या जिवाऐवजी माणसाचं मांस: बशीतल्या त्वचेची गोष्ट हीच आहे. सशाच्या जागी आपण माणसाची कातडी ठेवली. आणि गोष्टीतल्यासारखंच आपलंही पारडं लगेच भरत नाही.

एक तर आपल्या पारड्याखाली प्राणी लपलेले आहेत. राइनवॉल्ड आणि ग्रीन यांच्या पद्धतीत माणसाच्या पेशींना आधार द्यायला खाली उंदराच्या पेशींचा थर होता. पेशी वाढवायच्या द्रवात अनेक प्रयोगशाळा आजही वासराचं सीरम घालतात. ते कत्तलखान्यात गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून मिळवतात. खालच्या थरातलं कोलॅजेन कितीदा तरी उंदराच्या शेपटीतून किंवा गुरांच्या कातड्यातून आलेलं असतं. यातलं एकेक काढून टाकण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि काही प्रयोगशाळांनी ते साधलंही आहे. पण ‘प्राणीमुक्त’ हा शब्द वाचताना वासराची आठवण ठेवायला हवी.

दुसरं म्हणजे या त्वचेत सहसा रोगप्रतिकारक पेशी नसतात. आणि मेलॅनोमाच्या उपचारांतली सगळ्यात मोठी झेप त्याच दिशेनं आली. वेमुराफेनिबच्या काही महिने आधी, २०११ मध्येच, इपिलिमुमॅब मंजूर झालं. ते कर्करोगावर वार करत नाही, शरीराच्या सैनिक पेशींचा लगाम सैल करतं. जेम्स ॲलिसन यांनी ही कल्पना १९९०च्या दशकात उंदरांवर सिद्ध केली आणि २०१८ मध्ये त्यांना तासुकु होंजो यांच्यासह नोबेल मिळालं. नखाएवढ्या पापुद्र्यावर हा शोध लागला नसता. ज्या घरात सैनिकच नाहीत तिथे लगाम सैल करून काय होणार? म्हणून जो कुणी म्हणतो की आता उंदरांची गरज संपली, तो रुग्णाला फसवतो. आणि जो म्हणतो की गरज आहे तोवर पर्याय शोधायचं कारण नाही, तो उंदराला.

तिसरं, शेवटी माणूस स्वतः पारड्यात बसतोच. बशीतल्या त्वचेवर, मग उंदरावर निभावलेलं औषध पहिल्यांदा कुणा तरी जिवंत माणसाला द्यावं लागतं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीतला रुग्ण बहुधा असा असतो की त्याच्यापुढे दुसरे उपाय उरलेले नाहीत. पापुद्र्यानं त्याचा धोका कमी केला, पण त्याची जागा घेतली नाही.

हे सगळं मान्य करूनही शिबीच्या गोष्टीत एक फरक उरतो आणि मला तोच सगळ्यात टोचतो. शिबीला माहीत होतं. सुरी त्याच्या हातात होती.

बशीतल्या त्वचेच्या पेशी कुठून येतात? मोठा वाटा अमेरिकेतल्या रुग्णालयांत नवजात मुलांची सुंता केल्यावर उरलेल्या त्वचेचा. त्या पेशी तरुण असतात, भराभर वाढतात. बाकीच्या स्तनांचा आकार कमी करण्याच्या किंवा पोटावरची चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियांतून येतात. आणि मेलॅनोमाच्या पेशी रुग्णांच्या गाठींतून. त्यांपैकी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेशीमालिकांत ए-३७५ ही एक आहे. १९७३ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध झाली. ती एका चोपन्न वर्षांच्या बाईच्या मेलॅनोमापासून बनवली. वय, लिंग आणि रोग, एवढीच त्या बाईची सार्वजनिक ओळख. पन्नासहून अधिक वर्षं तिच्या पेशी वाढताहेत, गोठवल्या जाताहेत, विकल्या जाताहेत, बीरॅफवरची औषधं त्यांच्यावर पारखली जाताहेत.

हेन्रिएटा लॅक्स हे नाव आता बऱ्याच जणांना माहीत असतं. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आलेल्या या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. हेला या नावानं त्या जगभर पसरल्या आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागला तो वीसेक वर्षांनी. तिच्यावर पुस्तक झालं, सिनेमा झाला आणि २०२३ मध्ये तिच्या वारसांनी एका कंपनीबरोबर तडजोड केली. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं जॉन मूर यांच्या खटल्यात निकाल दिला की शरीरातून काढलेल्या पेशींवर रुग्णाचा मालमत्ता म्हणून हक्क नाही, मात्र त्यांचं आपण काय करणार हे डॉक्टरनं त्याला आधी सांगायला हवं होतं. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि नमुना देणाऱ्याचा त्यावरचा हक्क तिथे मान्य केलेला आहे.

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करतो आणि त्यांत संमतिपत्रंही असतात. चौथ्या-पाचव्या पानावर हमखास एक वाक्य येतं. त्याचं रुळलेलं मराठी असं: ‘तपासणीनंतर उरलेला ऊतीचा भाग संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’ या वाक्यावर मी अडतो. मराठीत ‘हरकत नाही’ आपण कधी म्हणतो? गाडीत कुणी ‘जरा सरकता का’ म्हटलं की. त्यात देणं नाही, फक्त न अडवणं आहे. नेत्रदानाला आपण दान म्हणतो. मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरच्यांनी कळवलं तर भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचा घेतली जाते, त्यालाही त्वचादान म्हणतो. तीच त्वचा जिवंतपणी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून संशोधनाकडे गेली की मात्र ती ‘उरलेला भाग’ होते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. तो भाग नाही तरी जाळूनच टाकणार होते. न्हाव्याकडे पडलेल्या केसांवर आपण हक्क सांगतो का? ज्यात देणाऱ्याचं काहीच जात नाही, त्यात कसलं ऋण? शिवाय प्रत्येकाला बसवून समजावत राहिलं तर संशोधन रेंगाळेल, आणि मेलॅनोमा पसरलेल्या रुग्णाकडे वेळ नसतो. हा शेवटचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. संमतीच्या नावाखाली कागदांचा ढीग रचायचा आणि औषध दोन वर्षं उशिरा आणायचं, यात कसलीच नीती नाही.

पण शेजाऱ्याच्या कुंपणाबाहेर आलेल्या कढीपत्त्याची चार पानं तोडताना आपण आवाज देतो. झाडाचं काही बिघडत नाही, शेजारी नाही म्हणणार नाही, हेही ठाऊक असतं. तरी आवाज देतो, कारण न विचारता घेतलं तर झाड तेवढंच राहतं पण शेजार थोडा कमी होतो. नुकसान झालं का, एवढाच प्रश्न धरला तर हे दिसत नाही. बेंथमची कसोटी वेदना शोधते. वेदना नसेल तिथे तिला सांगण्यासारखं काही उरत नाही. ऋण ही निराळी गोष्ट आहे आणि ते दुखल्याशिवायही होतं. आईच्या दुधाचं ऋण मानताना आईला किती दुखलं याचा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि विचारायला लागतं किती? शस्त्रक्रियेआधी संमतिपत्र घेतलंच जातं. त्यात चार साधी वाक्यं नीट घालायची: या त्वचेपासून काय बनू शकतं, ते विकलं जाऊ शकतं का, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही आणि पुढे काय झालं हे हवं असल्यास कुठे कळेल. नवजात मुलाच्या बाबतीत आईबापांना. यानं कुठलंही औषध दोन वर्षं मागे पडत नाही.

ऋण म्हटलं की परतफेड आली, आणि इथे प्रश्न आपल्या अंगणात येतो. प्रयोगशाळांसाठीच्या त्वचेच्या काही नमुन्यांत मेलॅनोसाइट कुणाचे हवेत ते निवडता येतं: आशियाई, कृष्णवर्णीय की गोऱ्या दात्याचे. म्हणजे रंगाचं भान आहे. पण जागेचं? मेलॅनोमाचं बरंचसं ज्ञान उन्हानं पोळलेल्या गोऱ्या त्वचेतून आलं. आपल्याकडे मेलॅनोमा विरळा, पण होतो तेव्हा कितीदा तरी तळव्यावर, तळहातावर, नखाखाली होतो. बॉब मार्लीला झाला होता तो याच जातीचा, पायाच्या अंगठ्याला. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो त्यातच गेला. तळव्यावरच्या मेलॅनोमात बीरॅफचा तो प्रसिद्ध बदल पुष्कळ कमी वेळा सापडतो, म्हणजे त्यावरची औषधंही कमी जणांच्या कामाची. आणि आपल्याकडे तळव्यावरच्या काळ्या डागाला कुरूप म्हणतात, चामखीळ म्हणतात, ठेच लागल्याची खूण म्हणतात आणि दिवस जातात.

तळव्याची त्वचा जाड असते, तिच्यावर लव नसते, तिच्यातल्या पेशींचं वागणंही वेगळं. सुंतेत मिळालेल्या नाजूक त्वचेपासून बनवलेला पापुद्रा तळव्याबद्दल किती सांगणार? ज्यांची त्वचा सहज हाताशी आली तिचा नमुना झाला, आणि नमुना ज्याचा त्याचं औषध आधी तयार होतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. हाताशी आलेलं घेत गेलं की असंच होतं. विचारून घ्यायची सवय असती तर कुणाकडून घेतलं नाही, हेही लवकर ध्यानात आलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बशीतली त्वचा हवीच, आज आहे त्याहून जास्त हवी, वासराच्या सीरमावाचून हवी, तळव्याचीही हवी. तिच्यामुळे सशांचे हाल थांबले ही खरी कमाई आहे. पण हाल थांबवले म्हणून हिशोब चुकता झाला असं मानणं घाईचं आहे. शिबीच्या गोष्टीत शेवटी देव प्रकट होतात, त्याचं अंग पूर्ववत होतं आणि त्याचं नाव राहतं, कारण त्यानं ते जाणूनबुजून दिलं होतं. ए-३७५ च्या त्या चोपन्न वर्षांच्या बाईनं कदाचित आनंदानं हो म्हटलं असतं. मेलॅनोमा झालेल्या बाईला पुढच्या रुग्णांविषयी आणखी काय वाटणार? तिला कुणी विचारलं होतं का, याची खूण त्या तीन शब्दांच्या ओळखीत कुठेच नाही. विचारलं नसेल, तर तिचं मांस आपण घेतलं आणि दानाचं पुण्य मात्र तिला मिळू दिलं नाही. पुढच्या बाईच्या संमतिपत्रावर ‘माझी हरकत नाही’ ऐवजी ‘मी देत आहे’ असं लिहिता आलं, आणि ते वाचून तिला थांबता किंवा नको म्हणता आलं, तर निदान तिच्या बाबतीत हे टळेल.